राजवाडे आणि माझी वेलांटी

यंदा आमच्या लॅबमधलं विंडोज जाऊन लिनक्स आलं आणि माझी पंचाईत झाली. धुळ्याला घरच्या डीटीपीच्या दुकानात माझा हात टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीवर बसलेला: पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. इथे जळगावात इनस्क्रिप्ट, म्हणजे अक्षर आधी, वेलांटी नंतर! अंकासाठी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं चरित्र टाइप करायला घेतलं, तर पहिल्याच 'वि'ला अडखळलो.

राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरांतली जुनी दप्तरं धुंडाळली. कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. ते एकेक पत्र वाचायचं, बाळबोधीत उतरवायचं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पुढे एकूण २२ झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते आमच्या धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

आणि मी एका वेलांटीपायी हा लेख दुसऱ्याच्या गळ्यात मारणार होतो! चौथ्या दिवशी 'विश्वनाथ' न बघता टाइप झालं.