लेडी मेहेरबाई टाटा

कांदिवलीहून लोकलगाडीने दक्षिणेकडे निघाले, की प्रभादेवी स्थानकाच्या पूर्वेस परळ लागते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारी दूरदूरच्या गावांहून आलेले कर्करोगाचे रुग्ण नित्य दिसतात. कोणाच्या हाती तपासणीचे कागद, तर कोणाच्या खांद्यावर वळकटी. या रुग्णालयाच्या जन्मामागे एका थोर स्त्रीचे आजारपण आहे.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानाच्या शिक्षणखात्यात मोठे अधिकारी होते. १८९८ साली उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी मेहेरबाईंचा विवाह झाला. त्या पियानो सुरेख वाजवीत आणि साडी नेसूनच टेनिस खेळत. या खेळात त्यांनी साठांहून अधिक बक्षिसे मिळविली. स्त्रियांना शिक्षण मिळावे, बालविवाहाची चाल बंद व्हावी, यासाठी त्यांनी देशात आणि परदेशातही व्याख्याने दिली. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला.

दोराबजींनी पत्नीसाठी ‘ज्युबिली’ नावाचा हिरा विकत घेतला होता. वजन २४५ कॅरेट; म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहूनही अधिक! १९२४ साली जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतात आला. तेव्हा कर्ज मिळावे म्हणून दोराबजींनी आपली सारी मालमत्ता गहाण टाकली, आणि तीत मेहेरबाईंचा हा हिराही होता. कारखाना तरला. हिऱ्याची ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. पुढची हकिगत मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

काही वर्षांनी मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. या रोगात रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात व निरोगी रक्त पुरेसे तयार होत नाही. रोगी थकतो, त्याला वारंवार ताप येतो, हिरड्यांतून रक्त येते. त्या काळी हा रोग बरा करणारे औषध जगात कोठेही नव्हते. ताप आल्यास अंग ओल्या फडक्याने पुसणे, तोंड स्वच्छ ठेवणे, घोट घोट पातळ अन्न देणे, वेदना कमी करणे, ही शुश्रूषा मात्र करता येण्याजोगी होती. संपत्ती पाण्यासारखी खर्चूनही रोग बरा होणे शक्य नव्हते. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात मेहेरबाईंचे निधन झाले.

दोराबजींना हा आघात सोसवेना. एप्रिल १९३२ मध्ये त्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे एक निधी स्थापन केला, आणि आपली उरलेली संपत्ती दुसऱ्या एका विश्वस्त निधीस अर्पण केली. त्यानंतर पत्नीच्या समाधीचे दर्शन घेण्यास ते विलायतेस निघाले. परंतु वाटेतच, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. लंडनजवळील ब्रुकवुड येथे पतिपत्नींच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. पुढे तो हिराही विकला गेला व त्याचे पैसे दोराबजींच्या निधीत जमा झाले.

पत्नीस परदेशी मिळाले तसे उपचार आपल्या देशातील रुग्णांस येथेच मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. विश्वस्तांनी ती पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. १९६२ साली ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या वेळी या विभागाचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंच्या सख्ख्या भावाचे चिरंजीव!

आज कर्करोगाचे अनेक प्रकार वेळीच उपचार झाल्यास बरे होतात. परंतु शुश्रूषेचे काम कमी झालेले नाही. दुखणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून परिचारिका रुग्णास त्याचे शून्य ते दहा असे माप सांगावयास लावते. तीव्र वेदनेवरील मॉर्फिन, दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळी दिले जाते. औषधांनी मळमळ होत असेल, तर एकदम ताटभर न वाढता थोडे थोडे अन्न पुन्हा पुन्हा देतात. तोंड आले असेल, तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करवितात. जो अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याची कूस दर काही तासांनी बदलतात, नाहीतर पाठीस जखमा होतात. जेथे रोग हटत नाही, तेथेही ही कामे चालूच राहतात. रात्रपाळीची परिचारिका पहाटे दिवसाच्या परिचारिकेस प्रत्येक खाटेची हकिगत सांगते आणि मगच घरी जाते.