गागोद्याच्या घराची शिदोरी

रमजानच्या महिन्यात साऱ्या घराचे डोळे चंद्राकडे लागलेले असतात. सहरीच्या वेळी अर्धवट झोपेतली लहान मुले हट्टाने उठून मोठ्यांच्या पंगतीत बसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे, एका ब्राह्मण कुटुंबात, एक मुलगा असाच चंद्रासाठी झोपेतून उठत असे. विनायक नरहर भावे हे त्याचे नाव. पुढे जग त्याला आचार्य विनोबा म्हणून ओळखू लागले.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला असत आणि आई रुक्मिणीबाई मुलांसह गागोद्याच्या घरी राहत. आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. शुक्ल प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे वाढवत पौर्णिमेला पंधरा घास आणि मग तसेच उतरत अमावस्येला पूर्ण उपास. चंद्र उगवला की पूजा होई. वद्य पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो. अशा रात्री छोट्या विन्याला उठवून आरतीला बसवले जाई. डुलक्या घेतच तो प्रसाद खाई. उपासाची शिस्त त्याला कोणी समजावून सांगितली नाही, ती त्याने घरात पाहिली.

पेणचे गणपती आज देशोदेशी जातात. भावे यांच्या घरी मात्र आजोबा स्वतः चंदनाचा गणपती करीत आणि मुले सहाणेवर चंदन उगाळून देत. इतक्या मेहनतीने घडवलेली मूर्ती काही दिवसांनी पाण्यात सोडली जाई. जीव ओतून काम करावे आणि वेळ आली की त्याचा मोह सोडावा, हा धडा त्या मुलाला घरबसल्या मिळाला. याच आजोबांनी वाईच्या आपल्या मंदिरात एका मुसलमान गायकाला भजनासाठी बोलावले होते. लोकांनी नावे ठेवली, पण शंभुरावांना देवाच्या दारात असा भेद मान्य नव्हता.

आईचे शिक्षण बेताचेच होते, पण शेकडो भजने तिला पाठ होती. एकदा तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि रोज एकेक दाणा मोजू लागली. वडील हिशेबी वृत्तीचे. तोळाभर तांदूळ मोजून बाकीचे वजनावर घ्यावेत, असे त्यांनी सुचवले. आईने मुलाला विचारले. गणिताची आवड असलेल्या त्या मुलाने कौल दिला तो आईच्या बाजूने. प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, तिथे वजनाचा हिशेब काय कामाचा, हे त्याला कळले होते.

पुढे कुटुंब बडोद्याला गेले. आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि हाती आलेले मराठी अनुवाद कठीण वाटत. तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले. ते तेव्हा राहून गेले. २५ मार्च १९१६ रोजी विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. तेथून ते गांधीजींच्या आश्रमात पोहोचले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. अंत्यविधी आपण स्वतः करावा, पुरोहित नको, अशी त्यांची इच्छा होती. वडिलांनी ती मानली नाही, म्हणून विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. घरी बसून त्यांनी त्याच दिवशी वेदाभ्यासाला सुरुवात केली. आईची साडी कितीतरी वर्षे त्यांच्या उशाला होती.

तिचे मागणे त्यांनी पूर्ण केले ते बारा वर्षांनी. ७ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे त्यांनी गीतेचे सोपे मराठी पद्यरूप लिहायला घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ते संपवले. नाव ठेवले ‘गीताई’. गीता आणि आई या नावात एक झाल्या. जिच्यासाठी लिहिले तिला ते वाचता आले नाही, पण महाराष्ट्रातल्या असंख्य आयाबहिणींच्या ओठी ते बसले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांना गीता समजावली. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. बंद दारामागचा काळ वाया जाऊ द्यायचा नाही, ही घरची सवय तुरुंगातही सुटली नाही. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेच्या चारही भाषा शिकले.

याच सवयीने त्यांना कुराणापर्यंत नेले. केवळ भाषांतरावर त्यांचे समाधान झाले नाही. अरबी लिपी आणि भाषा शिकून ते मूळ आयती वाचू लागले. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांनी निवडक आयतींची विषयवार मांडणी केली. ती ‘रूहुल कुरान’ आणि ‘कुराण-सार’ या नावांनी साठच्या दशकात प्रसिद्ध झाली. धम्मपद, जपुजी आणि बायबल यांवरही त्यांनी असेच काम केले. हा अभ्यास पुस्तकापुरता राहिला नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये मेवातच्या उखडलेल्या मुसलमानांना पुन्हा वसवण्यासाठी ते त्यांच्यात जाऊन राहिले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. त्यानंतर वर्षानुवर्षे ते पायी चालत राहिले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारच्या आश्रमात अन्न आणि औषध सोडून त्यांनी देह ठेवला. गागोद्याच्या अंगणात घास मोजणारे आजोबा आणि दाणे मोजणारी आई त्यांना अखेरपर्यंत पुरली. पेण-रोह्याच्या घराघरांत रमजानच्या या दिवसांत इफ्तारनंतर आजी नातवंडांना जवळ घेऊन काही सांगत असेल, शेजारच्या घरी आणखी कोणी आजोबा नातवाला श्लोक शिकवत असतील. त्यातले कोणते मूल ही शिदोरी किती दूर नेईल, हे आज कोणालाच माहीत नसते. गागोद्यालाही ते माहीत नव्हते.