परराष्ट्रीयांचा प्रेषित पौल

प्राचीन काळच्या भूमध्य समुद्राचा नकाशा उघडून पाहिला असता त्याच्या काठाकाठाने अंत्युखिया, इफिस, फिलिप्पै, थेस्सलनीका, करिंथ, रोम अशी मोठमोठी नगरे दृष्टीस पडतात. येशू ख्रिस्तास वधस्तंभावर खिळण्यात आले, त्या इ. स. ३० च्या सुमारास ह्यांपैकी एकाही नगरात ख्रिस्ती मंडळी नव्हती. पुढे अवघ्या तीस वर्षांत ह्या सर्व ठिकाणी लहानमोठ्या मंडळ्या नांदू लागल्या. हे कार्य कोणा राजाच्या आश्रयाने झाले नाही, की कोणा सैन्याच्या बळावर झाले नाही. व्यापारी, कारागीर, दास, गृहिणी अशा साध्या माणसांनी ते केले. त्यांत जो अग्रणी ठरला, त्या प्रेषित पौलाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात वाचकांपुढे मांडीत आहो.

पौलाचा जन्म पहिल्या शतकाच्या आरंभीच्या काळात किलिकिया प्रांतातील तार्स नगरी झाला. हे नगर आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागात असून त्या काळी विद्येकरिता नावाजलेले होते. पौलाचे कुळ यहूदी, वंश बन्यामिनाचा. त्याचे यहूदी नाव शौल. पौल हे त्याचे रोमी नाव. जन्मतःच तो रोमचा नागरिक होता. मातृधर्माचे शिक्षण त्याने यरुशलेमात गमलियेल नावाच्या थोर गुरूपाशी घेतले. शिवाय राहुट्या शिवण्याचा हुन्नरही त्यास येत होता. यहूदी धर्मशास्त्र, ग्रीक भाषा, रोमी नागरिकत्व आणि हातचा धंदा, ह्या चारही गोष्टी त्यास पुढे कामी आल्या. परंतु कोणत्या कामी येणार, ह्याची त्यास तरुणपणी कल्पनाही नव्हती.

कारण आरंभी तो ह्या नव्या पंथाचा कट्टर वैरी होता. यरुशलेमात स्तेफन नावाच्या ख्रिस्तानुयायास लोकांनी दगडमार करून ठार केले, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायाशी काढून ठेविली, तो तरुण शौलच होता. पुढे ख्रिस्ताच्या शिष्यांस पकडून आणण्यासाठी तो दिमिष्काकडे निघाला. त्या वाटेवर आपणास ख्रिस्ताचे दर्शन घडले, अशी त्याची अखेरपर्यंत दृढ श्रद्धा होती. ही गोष्ट इ. स. ३४ च्या सुमाराची. ज्यांना बेड्या घालावयाच्या, त्यांच्याच घरी तो पाहुणा होऊन राहिला. जुने सोबती शत्रू झाले आणि नवे सोबती त्याचा विश्वास धरीनात. दिमिष्कातून त्यास रात्री एका टोपलीत बसून तटावरून खाली उतरावे लागले.

अशा वेळी बर्णबा नावाच्या एका उदारमनस्क गृहस्थाने त्यास हात दिला. बर्णबाने त्यास यरुशलेमातील प्रेषितांकडे नेले आणि पुढे तार्सास जाऊन त्यास सीरियातील अंत्युखियास आणिले. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम ह्याच नगरात मिळाले. तेथील मंडळीने ह्या दोघांस दूर देशी धाडिले. कुप्र बेट ओलांडून ते आशिया मायनरच्या डोंगराळ प्रदेशात शिरले. लुस्त्र गावी आधी लोकांनी त्यांस देव समजून बलिदानासाठी बैल आणिले, आणि थोड्याच अवकाशात पौलास दगडांनी मारून मेला समजून गावाबाहेर ओढून टाकिले. तो उठला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावास चालता झाला.

तथापि दगडांपेक्षाही कठीण अशी एक अडचण घरातच उभी राहिली. आरंभीचे सर्व ख्रिस्ती यहूदीच होते. आता परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले लोक, मंडळीत येऊ लागले. त्यांनी प्रथम सुंता करून मोशेचे नियमशास्त्र स्वीकारावे काय? किती एकांचे मत तसेच होते, आणि ते आपल्या पूर्वजांच्या धर्मावर निष्ठा ठेवूनच बोलत होते. पौलाचे म्हणणे असे की, विश्वास एवढीच अट पुरे. ग्रीकाने ग्रीकच राहून मंडळीत यावे. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात ह्या प्रश्नाचा विचार झाला आणि परराष्ट्रीयांवर सुंतेचे बंधन न घालण्याचे ठरले. परंतु ठराव झाला म्हणजे मने बदलतात असे नाही. पुढे अंत्युखियास पेत्रासारखा ज्येष्ठ प्रेषितही लोकभयास्तव परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठू लागला, तेव्हा पौलाने त्याची सर्वांदेखत कानउघाडणी केली. पंक्तिभेद राहिला तर मंडळी एक राहणार नाही, हे त्याने ओळखिले होते.

पौलाच्या अंगी दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. तो तापट होता. योहान मार्क नावाचा तरुण सोबती पहिल्या प्रवासातून अर्ध्या वाटेवरून परतला होता. त्यास पुन्हा न्यावे की नाही, ह्यावरून पौलाचे बर्णबाशी इतके बिनसले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मार्काशी मात्र त्याचा पुढे समेट झाला, हे त्याच्याच एका पत्रावरून दिसते.

ह्यानंतर सीला व तीमथ्य ह्यांस घेऊन तो मासेदोनियात उतरला. फिलिप्पै येथे लुदिया नावाच्या जांभळ्या वस्त्रांच्या व्यापारिणीने आपले घर त्यास मोकळे केले. तेथून थेस्सलनीकास जाणारा एग्नातिया नावाचा रोमी राजमार्ग फरसबंद होता. सैन्याच्या हालचालींसाठी बांधिलेल्या ह्या रस्त्यावरून हा निःशस्त्र मनुष्य पायी चालत गेला. करिंथात तो दीड वर्ष राहिला. सम्राट क्लौद्याने रोमबाहेर घालविलेले अक्विला व प्रिस्किल्ला हे दांपत्य तेथे राहुट्या शिवीत असे. पौल त्यांच्याच दुकानी कामास बसे. लोकांवर आपला भार पडू नये म्हणून तो स्वतःच्या हातांनी पोट भरी. येथेच गल्लियो नामक सुभेदारापुढे त्याच्यावर फिर्याद झाली व ती फेटाळण्यात आली. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यांवरून ह्या गल्लियोचा अंमल इ. स. ५१-५२ च्या सुमारास होता असे ठरते. पौलाच्या आयुष्यातील इतर वर्षे विद्वान ह्याच्याच आधारे मोजतात.

त्या काळी मंदिरे बांधिलेली नव्हती; मंडळ्या कोणाच्या तरी घरी जमत. पौल पुढच्या नगरास गेला म्हणजे मागील मंडळ्यांत तंटे उठत, शंका निघत. त्यांचे समाधान तो पत्रांनी करी. सरकारी टपाल केवळ राजकाजासाठी असल्यामुळे ही पत्रे ओळखीच्या माणसांकडूनच पाठवावी लागत. रोमकरांस लिहिलेले मोठे पत्र तर्तियाने लिहून घेतले, आणि ते बहुधा किंख्रियाच्या फेबी नावाच्या भगिनीने रोमास पोहोचविले. नव्या करारात पौलाच्या नावावर १३ पत्रे असून त्यांपैकी ७ निःसंशय त्याचीच, असे बहुतेक सर्व विद्वान मानितात.

आता आम्ही त्याच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंगाकडे वळतो. यरुशलेमातील ख्रिस्ती बांधव दारिद्र्यात होते. ज्यांच्या मंडळीत प्रवेशाबद्दल तेथे वाद झाला होता, त्याच ग्रीक मंडळ्यांकडून पौलाने त्यांच्यासाठी मदत गोळा केली. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूस ठेवावे, अशी त्याने रीत घालून दिली. यरुशलेमात धोका आहे, जाऊ नकोस, असे मित्रांनी वाटेत परोपरीने विनविले. पैसे दुसऱ्याच्या हाती धाडिता आले असते. परंतु दोन समाजांची मने जोडावयाची तर आपण स्वतः गेले पाहिजे, असे त्यास वाटले, आणि इ. स. ५७ च्या सुमारास तो यरुशलेमास गेला.

तेथील मंदिराच्या अंगणात एक कठडा होता. त्यापलीकडे परराष्ट्रीयाने पाऊल टाकिल्यास त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशी ताकीद कोरलेल्या शिळा त्यावर बसविल्या होत्या. त्यांतील ग्रीक लेखाची एक अखंड शिळा १८७१ साली सापडली असून ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाने त्रफिम नावाच्या इफिसकरास ह्या कठड्याच्या आत नेले, असा आळ उठला आणि जमाव त्याच्यावर तुटून पडला. रोमी सरदाराने त्यास सोडविले, पण बेड्या घालून. चाळीसांहून अधिक माणसांनी त्यास ठार मारण्याचा कट केला; पौलाच्या बहिणीच्या मुलाने ती बातमी धैर्याने सरदारास कळविली, म्हणून त्याचा जीव वाचला.

पुढे कैसरियात दोन वर्षे बंदिवास झाला. शेवटी रोमी नागरिक ह्या नात्याने त्याने सम्राटाकडे दाद मागितली. रोमास जाताना वादळाने तारू चौदा दिवस भरकटले व माल्टा बेटाशी फुटले. तरी त्यावरील २७६ माणसांपैकी एकही दगावला नाही. रोमात तो दोन वर्षे भाड्याच्या घरी पहाऱ्यात राहिला व येईल त्यास उपदेश करीत असे. नीरो बादशहाच्या कारकिर्दीत, इ. स. ६४ ते ६७ च्या दरम्यान, त्याचा शिरच्छेद झाला अशी प्राचीन परंपरा आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या मनुष्याजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, आणि त्याच्या पत्रांवरून पाहता शरीरप्रकृतीही धड नव्हती. जो कठडा माणसामाणसांत आड येत होता, तो त्याने हातोड्याने फोडिला नाही. त्याने दोन्ही बाजूंच्या लोकांस एका पंक्तीस बसविले, एकाची मदत दुसऱ्याच्या दारी स्वतः नेऊन पोहोचविली, आणि त्यापायी आपले स्वातंत्र्य गमाविले. धर्माचा प्रसार कसा होतो, असे कोणी पुसल्यास आम्ही ह्या राहुट्या शिवणाऱ्याच्या चालण्याकडे बोट दाखवू. आपल्या घरी, शाळेत व गावात कोणते कठडे उभे आहेत आणि त्यांपलीकडे आपणास काय नेऊन पोहोचविता येईल, ह्याचा विचार वाचकांनी सवडीने करावा, एवढीच आमची विनंती आहे.