सूर्यनमस्कार घराघरात पोहोचवणारा औंधचा राजा

जोतिबाच्या चैत्र यात्रेत देवाची पालखी डोंगरावरच्याच यमाई मंदिरात जाते. याच यमाईचं मूळपीठ म्हणजे सातारा जिल्ह्यातलं औंध, अशी भाविकांची श्रद्धा. औंधची यमाई ही तिथल्या पंतप्रतिनिधी घराण्याची कुलदेवता. आज शाळेच्या मैदानावर रांगेत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे याच घराण्यातल्या एका राजाचा मोठा वाटा आहे: भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

सँडोकडून सूर्याकडे

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. त्या काळी युरोपातला बलदंड पहिलवान युजीन सँडो जगभर गाजत होता. त्याचं नाव आपल्याकडे बनियनमुळे अजून टिकून आहे! भवानरावांनीही बरीच वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग ते त्यांनी कधीच सोडले नाहीत.

राजाने काय केलं?

सूर्यनमस्कार भवानरावांनी शोधून काढलेले नाहीत. ते आधीपासून घातले जात होते, समर्थ रामदासांच्या परंपरेशीही त्यांचं नाव जोडलं जातं. भवानरावांनी त्यांना शिस्तशीर रूप दिलं. प्रत्येक स्थिती, श्वास आणि बीजमंत्र यांची सांगड घातली. आज आपण १२ स्थिती मोजतो, ते १० मोजत.

१९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. हा व्यायाम बायकांनीही करावा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्या घरातच तशी सुरुवात झाली होती. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथल्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं.

दावा किती खरा?

नियमित नमस्कार घातले तर आजार जवळ येत नाहीत, असं भवानरावांचं ठाम मत होतं. आज एवढा मोठा दावा कुणी डॉक्टर करणार नाही. सूर्यनमस्काराने अंग लवचिक होतं, स्नायूंना ताकद येते, दम वाढतो. पण तो औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. पाठीचं दुखणं, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

तरी त्यांच्या म्हणण्यातला गाभा टिकला: ना यंत्र, ना फी, फक्त सतरंजीएवढी जागा आणि रोजची सवय. आपली तब्येत आपल्या हाती, असं सांगणाऱ्या या राजाने १९३९ मध्ये राज्यकारभारही गावपंचायतींच्या हाती सोपवला.

१३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.