भाऊसाहेब बांदोडकर : पेडण्याच्या सुपुत्राला हृदयविकारानं नेलं, तो काळ आणि आजची रक्ततपासणी

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, १२ ऑगस्ट १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय अवघं ६२. मुख्यमंत्रिपदावर असतानाच काळानं घाला घातला.

त्यांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. तेरेखोल नदीच्या पलीकडे सावंतवाडी संस्थान, अलीकडे पोर्तुगीज राजवट. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून इथल्या देवळांत आणि घरांत मराठी टिकून राहिली. भाऊसाहेबांचं बालपण हलाखीत गेलं. लहानमोठे धंदे करत ते वर आले आणि खाण व्यवसायात त्यांनी जम बसवला. हाती पैसा आला तसा अडल्यानडलेल्यांसाठी हातही सैल झाला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली, तेव्हा बहुजन समाज महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या सिंहामागे उभा राहिला. २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. गावोगावी शाळा निघाल्या. १९६४ च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्या कुळाला संरक्षण मिळालं.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांची भूमिका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ती हरली. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, तर वेगळ्या गोव्याला १,७२,१९१. तरी त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी भाऊसाहेबांनाच निवडून दिलं. १९७२ मध्येही तेच झालं. म्हणजे विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्याला नेता मात्र तेच हवे होते. त्यांच्या निधनानंतर कन्या शशिकला काकोडकर यांनी राज्याची धुरा सांभाळली.

भाऊसाहेब सत्तेवर आले त्याच १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी रक्तातला लिपोप्रोटीन (ए) हा घटक शोधला. हृदयविकाराचा धोका वाढवणारा हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो. ते गेले त्याच १९७३ साली जपानच्या अकिरा एंडो यांना कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन सापडलं. पण स्टॅटिनची गोळी बाजारात यायला १९८७ उजाडलं. भाऊसाहेबांच्या पिढीला यातलं काहीच मिळालं नाही.

आज साध्या लॅबमध्येही एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. लिपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. सीआरपी शरीरातली सूज दाखवतो. ट्रोपोनिन मुख्यतः झटका आला की नाही हे ठरवायला लागतं. मात्र नुसत्या रक्तावरून भविष्य सांगता येत नाही. वय, रक्तदाब, तंबाखू, घराण्यातला इतिहास यांच्याशी आकडे जोडून पाहिले तरच धोक्याचा अंदाज येतो. आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात २००४ साली दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो.

उपचारही जवळ आले आहेत. १८४२ साली पणजीत सुरू झालेली पोर्तुगीज वैद्यकीय शाळा गोवामुक्तीनंतर गोवा मेडिकल कॉलेज झाली. आता ती बांबोळीत आहे आणि सिंधुदुर्गातले रुग्णही तिथं धाव घेतात. २०१८ पासूनच्या स्टेमी योजनेत तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढून तज्ज्ञांना पाठवला जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देता येतं.

चाळिशी उलटली की रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. घरात कुणी लवकर गेलं असेल तर त्याआधीच. छातीत दुखू लागलं, तर मात्र रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नये. सरळ दवाखाना गाठावा.