राजाबाई टॉवर बांधायला पैसे देणाऱ्या माणसामुळे मुंबईतली बँक बुडाली होती

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कुणाच्या नावाने उभा आहे, हे अनेकांना माहीत असतं. शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचं नाव त्याला दिलं. पण ज्या वर्षांत त्यांनी हे दान दिलं, त्याच वर्षांत मुंबईतल्या हजारो घरांचा पैसा बुडण्याची तयारी सुरू होती, आणि तिच्या केंद्रस्थानी हेच प्रेमचंद होते.

त्यांचा जन्म 1831 चा, सुरतेचा. तरुणपणीच ते मुंबईत दलालीत उतरले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले देशी दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे रिक्लेमेशन कंपनीच्या शेअरचा भाव तर मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. प्रेमचंदशेठचा हात कशावर आहे, हे बघून लोक शेअर घेत.

खरी गोम पुढे होती. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली बँक. 1863 च्या नव्या सनदेमुळे तिला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. बँकेच्या सचिवावर आणि संचालकांवर प्रेमचंद यांचं वजन होतं. कर्जं सुटली, काही तर पुरेशा तारणाशिवाय. म्हणजे बँकेचा पैसा शेअरमध्ये, आणि त्याच शेअरवर पुन्हा बँकेचं कर्ज.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतली लढाई संपत आली आणि कापसाचा भाव कोसळला. 1 जुलै 1865 हा वायद्यांचे हिशेब चुकवण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणारे फार कमी निघाले.

मग कंपन्या गुंडाळण्याची रांग लागली. इथे भागधारकांना एक गोष्ट उशिरा कळली. अनेक शेअरची पूर्ण रक्कम भरलेली नसे. कंपनी बुडाली की उरलेली रक्कम देणी फेडायला मागितली जाते. शेअरची किंमत शून्य झाली तरी अंगावर देणं उरतं. दिवाळखोरांची प्रकरणं एवढी वाढली की सरकारला 1865 मध्येच त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. 1866 मध्ये कंपन्यांचा नवा कायदा आला, त्यात कंपनी गुंडाळण्याचे नियमही होते.

बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळली गेली. भांडवलाचा मोठा भाग बुडाला होता. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. बँकेत सरकारचेही संचालक होते, तरी त्यांनी वेळीच लगाम घातला नाही, हेही उघड झालं. सगळं खापर एका दलालाच्या डोक्यावर फोडणं सोयीचं होतं, पण बँकेच्या तिजोरीची राखण करणारे झोपले होते, हेही तितकंच खरं.

प्रेमचंद यांची संपत्ती धनकोंच्या ताब्यात गेली. पण ते मुंबई सोडून पळाले नाहीत. पुन्हा दलालीला लागले आणि हळूहळू उभे राहिले. 1875 मध्ये मुंबईच्या दलालांनी जी संघटना बांधली, तिच्या उभारणीतही त्यांचं नाव आहे. पुढे तीच मुंबई शेअर बाजार झाली.

टॉवरसाठी आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी प्रत्येकी 2 लाख रुपये दिले ते 1864 मध्ये, म्हणजे तेजी शिखरावर असताना. टॉवर पूर्ण झाला 1878 मध्ये. तोवर तेजी आणि ती बँक दोन्ही संपली होती. 1906 मध्ये प्रेमचंदही गेले.

त्यांना दाता म्हणायचं की बँक बुडवणारा? दोन्ही खरं आहे. पण आज कुणी मोठं नाव बघून शेअर घ्या म्हणालं, तर 1865 चा तो जुलै आठवा. नाव शेठचं असतं, पैसा मात्र आपला जातो.