डावखुरा वादक

वाद्य घेण्याची ऐपत नाही, म्हणून केरसुणीच हाती धरून तारा छेडल्याचा आव आणणारा एक मुलगा अमेरिकेतील सिअॅटल शहरी होता. जिमी हेंड्रिक्स त्याचे नाव. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. पुढे वडिलांबरोबर एका घरातील अडगळ उपसताना त्याला एकच तार उरलेले छोटे वाद्य सापडले. त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी वाजवू लागला. १९५८ साली मातेचे छत्र हरपले. त्याच वर्षी पाच डॉलरांची जुनी गिटार त्याला मिळाली. पण जिमी डावखुरा आणि गिटार उजव्या हाताची! त्याने ती उलटी धरली व तारांचा क्रम बदलून घेतला. पुढे पैसा आला, तरी बहुधा तो अशीच उलटी गिटार वाजवी.

१९६६ साली तो लंडनला गेला आणि वर्षभरातच त्याचे नाव दुमदुमले. ध्वनिवर्धकाजवळ नेल्यास विजेच्या गिटारीतून कर्कश शीळ उठते. बहुतेक वादक ती टाळू पाहत. जिमीने तिच्यातूनच स्वर घडविले. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत-मेळाव्यात त्याने आपल्या देशाचे राष्ट्रगीत वाजविले. त्या वेळी व्हिएतनाममध्ये युद्ध पेटले होते. तारांतून बाँबस्फोटच ऐकू येत आहेत, असे श्रोत्यांना वाटले. कित्येक भारावले, कित्येकांना संतापही आला.

१८ सप्टेंबर १९७० रोजी, झोपेच्या गोळ्या अती घेतल्यामुळे, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. सिअॅटलजवळ रेंटन येथे त्याची कबर आहे. तेथे चाहत्यांची रीघ लागे. २००२ साली त्या दफनभूमीत ग्रॅनाइटचे घुमटाकार स्मारक उभारले गेले. येणारे लोक फुले वाहतात. कोणी गिटार छेडण्याची आपली नखीच तेथे ठेवून जातात.